एनिसचा मुक्काम

ज्ञानदाचं पत्र जुलैत आलं होतं, आणि डिसेंबर सरत आला तरी पद्माकरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. आयर्लंडातल्या एनिसहून डब्लिनजवळच्या टॅलाला, मुलाच्या म्हणजे सलीलच्या घरी, पत्र यायला एखादा दिवस पुरतो. उलट जायला एवढे महिने का लागावेत असं कुणी विचारलं असतं, तर ते चष्मा पुसत बसले असते.

बाप-लेकीचा पत्रांचा शिरस्ता जुना होता, ज्ञानदा कराडला इंजिनियरिंगला गेली तेव्हापासूनचा. फोनवर दोघंही 'बरं आहे ना' आणि 'बरं आहे' यापलीकडे जात नसत. कागदावर मात्र पद्माकर तिला मिरजेच्या वाचनालयात पुस्तकांना लागलेल्या कसरीचीही हकिकत कळवत, आणि ती मेसच्या आमटीची. त्यामुळे जुलैत पाकीट पोस्टाने आलं याचं नवल नव्हतं. नवल होतं ते आतल्या मजकुराचं.

"बाबा, तुम्ही सहा आठवड्यांसाठी आलात आणि करोनाने अडकलात. सगळे दिवस सलीलकडेच गेले. लॉकडाऊन होता, कळतं मला. पण मधे रस्ते उघडले तेव्हाही तुम्ही सकाळी आलात आणि संध्याकाळी गेलात. काही कारण नसताना माझ्याकडे राहायला याल का? की आईचा नियम अजून चालू आहे? तसं असेल तर तसं लिहा. मी रागावणार नाही, पण विचारायचं मात्र आता थांबवीन."

आईचा नियम म्हणजे लताबाईंचा. लेकीला मूल होईपर्यंत आई-बापाने तिच्या घरी राहू नये, तिच्या घरचं पाणीदेखील घेऊ नये. चार वर्षांपूर्वी दोघं आयर्लंडला आली, तेव्हा ज्ञानदाने माडीवरची खोली नव्या चादरी घालून तयार ठेवली होती. लताबाई गेस्टहाउसमध्ये उतरल्या, आणि लेकीच्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी स्वतःच्या डब्यातली पोळी खाल्ली. ज्ञानदाच्या लग्नाला तेव्हा पाच वर्षं झाली होती. पुढे दोनदा आशा लागली आणि दोनदा गेली. मग लताबाईही गेल्या. नियम तेवढा मागे राहिला.

उत्तराला पद्माकरांनी सुरुवात पुष्कळदा केली. 'चि. ज्ञानदास, अनेक आशीर्वाद' इथपर्यंत हात सुरळीत चाले. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं वाचलेल्या माणसाला स्वतःचं वाक्य सहसा पसंत पडत नाही. 'येतो' लिहावं, तर सलीलला काय वाटेल. 'नियम आहे' लिहावं, तर त्या नियमावर त्यांचा स्वतःचा काडीचा विश्वास नव्हता. आणि काहीच लिहिलं नाही, तर निदान चुकीचं काही लिहिलं जात नव्हतं.

ख्रिसमसपुरती एका काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, दुसरीत जायची मुभा मिळाली, तेव्हा सलीलने बेत ठरवला. सकाळी निघायचं, ताईकडे जेवायचं, संध्याकाळी परत.

निघायच्या दिवशी सलीलची बायको वैदेही स्वयंपाकघरात पोळ्या गुंडाळत होती. "सलील, हा डबा कुणासाठी? ताईंनी कालपासून स्वयंपाक मांडलाय."

"बाबांसाठी. माहितेय तुला."

"मला माहितेय, ताईंनाही माहितेय. म्हणूनच विचारते."

"आई असती तर तिनेच भरला असता."

"आई असत्या तर मी बोललेच नसते."

"मग?"

"मग काय? त्या नाहीत." वैदेहीने डब्याचं झाकण लावलं. "फ्लास्कमध्ये पाणी कोमट भरलंय. थंडगार पाण्याने त्यांना खोकला येतो."

बाहेर पॅसेजमध्ये पद्माकर बुटाच्या नाड्या बांधत होते. बांधून झाल्या होत्या, पण ते वाकूनच राहिले.

पोर्टलीश मागे पडलं तेव्हा पहिले कण काचेवर आले. या देशातल्या बर्फाचा तसा भरवसा नाही. बहुतेकदा तो 'पडला' म्हणेपर्यंत वितळून जातो. वैदेहीने हवामान खात्याची ऑरेंज वॉर्निंग असल्याचं सांगितलं, तेव्हा सलील हसला. "दोन इंच बर्फाला घाबरतात हे लोक. वॉर्निंग आली की आधी दुकानातला ब्रेड उचलतात."

"डॅड, यू बॉट सिक्स लोव्ह्ज यस्टरडे," मागच्या सीटवरून तन्वी म्हणाली. तिला मराठी सगळं समजे. अकराव्या वर्षी उत्तर मात्र ती टॅलाच्या शाळेतल्या इंग्रजीतच देई.

"ते आत्यासाठी."

"फोर फॉर आत्या. टू इन आवर प्रेस, बिहाइंड द राइस." तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात.

वैदेहीने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

रॉसक्रेच्या अलीकडे रस्त्याच्या रेषा दिसेनाशा झाल्या. मग कुंपणं गेली, मग शेतं. समोरच्या ट्रकचे दोन लाल दिवे तेवढे उरले, आणि थोड्या वेळाने तेही जागच्या जागी थांबले. पुढे कुठेतरी एक कंटेनर आडवा झाला होता. गाड्यांची रांग लागली. आभाळ आणि जमीन एकाच कापडाची झाली होती, आणि त्या कापडाच्या घडीत आपण गाडीसकट गुंडाळले गेलो आहोत असं पद्माकरांना वाटलं. उपमा त्यांना बरी वाटली, म्हणून लगेच त्यांनी ती मनातून काढून टाकली.

"आय'म स्टार्व्हिंग," तन्वी म्हणाली.

वैदेहीने डबा उघडला. सलीलने आरशातून पाहिलं. "तो बाबांचा आहे."

"बाबांनीच सांगितलंय उघडायला."

पद्माकरांनी तसलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. पोळ्यांच्या गुंडाळ्या झाल्या, बटाट्याची भाजी बोटांनी संपली. सलीलनेही नको नको म्हणत दोन खाल्ल्या. रांग सरकायला लागली तेव्हा वायपर काचेला गोठून बसले होते. तो फ्लास्क घेऊन खाली उतरला, काचेवर पाणी ओतलं, बाहीने पुसलं आणि कुडकुडत आत येऊन बसला. मग हातातल्या रिकाम्या फ्लास्ककडे त्याचं लक्ष गेलं.

"बाबा, तुमचं पाणी—"

"काही बिघडलं नाही," पद्माकर म्हणाले.

मनीगॉलच्या पेट्रोल पंपावर त्यांनी गाडी छपराखाली लावली. तन्वी टॉयलेटला गेली. सलील आणि वैदेही मास्क लावून बाहेर उभे राहिले. पद्माकरांच्या बाजूची काच बोटभर खाली होती.

"मागे फिरू या," सलील म्हणाला. "डब्लिनची बाजू मोकळी दिसतेय."

"एनिस जवळ आहे त्यापेक्षा."

"आणि आज परत फिरता आलं नाही तर?"

"ताईंकडे थांबू."

"बाबा कुठे झोपतील?"

"पलंगावर," वैदेही म्हणाली. "लोक झोपतात तसे."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. आणि खरं सांगू? आज नुसतं थांबू नये त्यांनी, राहावं तिकडे. दोन-तीन महिने."

"म्हणजे तुला ते नकोत."

"तू हेच ऐकणार होतास." टॅलाच्या हॉस्पिटलात ती नर्स होती, आणि मार्चपासून श्वासाच्या रुग्णांच्या वॉर्डात होती. "मार्चपासून मी त्यांच्याशी जिन्यातून बोलतेय, सलील. मी खाली, ते वर दारात. त्यांच्या ताटाला हात लावायचा तर आधी हात धुते, आणि लावून झाल्यावर वाटतं, नीट धुतले होते ना? तू तुझ्या खोलीत लॅपटॉपवर असतोस. बाहेरून काही आणलं तर ते मीच आणणार आहे. त्यांना काही झालं, तर तुझ्या डोळ्यांत कुणी आणलं असेल? ते ताईंकडे असले तर मला झोप तरी लागेल."

"ताईने सांगितलंय का तुला हे बोलायला?"

"ताईंशी मी या विषयावर एक अक्षर बोललेले नाही. बोलायला हवं होतं."

पद्माकर समोरच्या काचेकडे बघत राहिले. वैदेही आपल्याला टाळते एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. त्यात तिची काही चूकही धरली नव्हती. म्हातारा माणूस घरात आला की जड होणारच. जिन्यातून होणाऱ्या त्या गप्पांना असंही एक कारण असेल, हे इतकी पुस्तकं वाचून त्यांना सुचलं नव्हतं.

सलीलने दार उघडलं. "बाबा, तुम्हीच सांगा. मागे की पुढे?"

पुढे म्हणजे ज्ञानदाचं घर, आणि रात्र. त्यांना ते कळत होतं. शब्द ओठांशी आला. "तुम्हाला सोईचं पडेल तसं," ते म्हणाले.

वैदेहीने सलीलच्या हातातून किल्ली घेतली. "मला पुढे जाणं सोईचं पडेल."

ती हळू आणि नेटाने चालवत राहिली. लिमरिक मागे गेलं, शॅनन गेलं. तिथल्या वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात रोहित, पद्माकरांचा जावई, इंजिनियर होता. एनिसला पोचले तेव्हा दिवे लागले होते, आणि तो हातात बागेचं फावडं घेऊन गेटाशी उभा होता. त्याने मोकळी केलेली वाट त्याच्या मागे पुन्हा भरत चालली होती.

"या बाबा. सावकाश. माझा हात धरा."

ज्ञानदा दारात होती. तिने तन्वीला जवळ घेतलं, वैदेहीच्या टोपीवरचा बर्फ झटकला आणि बापाकडे पाहून म्हणाली, "आलात." आत टेबलावर ताटं मांडलेली होती. वांग्याच्या भरिताचा आणि ताज्या कढीचा वास येत होता.

सलील आत आला नाही. दाराशीच फोनवर बोलत होता. मग डोकावून म्हणाला, "गावातल्या हॉटेलात एक खोली आहे. बाबांना सोडून येतो, मग जेवू."

"कुणाला सोडून?" ज्ञानदाने विचारलं.

"ताई, तुला माहितेय सगळं."

"माहितेय. कसा नेणार आहेस? ढकलत?"

"सलील," रोहित म्हणाला, "गाडी गेटातून बाहेर निघणार नाही आता. खोटं वाटत असेल तर फावडं देतो."

"भाऊजी, तुम्ही यात पडू नका."

"मी कुठे पडतोय? पडेन तर बाहेर पडेन. निसरडं झालंय."

तन्वी खुदकन हसली आणि आईने पाहताच गप्प झाली. वैदेही मुकाट्याने ज्ञानदाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तेवढ्याने सलीलला कळलं की आता तो एका बाजूला आहे आणि बाकीचे दुसऱ्या. तो फोनकडे बघत राहिला.

पद्माकरांना खोकला आला. आवरेना. दुपारपासून त्यांच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता.

"ज्ञानदा," ते म्हणाले, "पाणी दे."

तिने पेला आणून दिला. ते सगळं पाणी प्याले.

"व्हॉट आर यू ऑल लुकिंग ॲट?" तन्वीने विचारलं.

ज्ञानदाने रिकामा पेला परत घेतला. तिच्या चेहऱ्यावर पद्माकरांना जे दिसेल असं वाटलं होतं, ते दिसलं नाही. पेल्याचा काठ अंगठ्याने पुसत ती म्हणाली, "बर्फ पडला म्हणून."

"अं?"

"तहान लागली म्हणून प्यालात. बर्फ आहे म्हणून राहाल. असू दे, बाबा. जेवायला चला, कढी निवेल." ती रागावली नव्हती. रागावणार नाही असं तिने लिहिलंच होतं.

बर्फ दोन दिवस राहिला. घर लहान, माणसं सहा. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांना वाट देत होते, दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या अंगावर आदळत होते. स्वयंपाकघरात नणंद-भावजय दार लोटून बसत आणि आतून हसण्याचे आवाज येत. सलील आत गेला की ते थांबत. "काय चाललंय?" असं त्याने विचारलं तर ज्ञानदा म्हणे, "तुझ्या चार ब्रेडचं काय करायचं ते ठरवतोय." मग तो बाहेर जाऊन रोहितबरोबर वाट खणायचा. रोहित त्याच्याशी फुटबॉलबद्दल बोले, आणि दुसऱ्या कशाबद्दल बोलत नसे. ख्रिसमसच्या दुपारपर्यंत सलील त्याला 'अहो भाऊजी'वरून नुसतं 'रोहित' म्हणायला लागला होता.

त्याच दुपारी रोहित पद्माकरांचा चहा घेऊन माडीवर आला. खिडकीत उभा राहून म्हणाला, "या खोलीत झोपलेले तुम्ही पहिलेच, बाबा."

"असं कसं? तुमच्या आई येऊन गेल्या ना?"

"आई खाली सोफ्यावर झोपली. पंधरा दिवस. वरची खोली आहे म्हटलं, तर ज्ञानदा म्हणाली, ती दिलेली आहे." तो हसला. "आईने ते अजून विसरलेलं नाही. दिवाळीच्या फोनवर दरवर्षी सोफ्याची चौकशी करते."

पद्माकरांनी पलंगाकडे पाहिलं. भिंतीशी लहान टेबल होतं, खुर्चीवर पातळ उशी होती. वाचायचा दिवा उशाच्या बाजूला असा ठोकला होता की त्याचा उजेड पानावर पडण्याऐवजी डोळ्यांत जाई. दोन रात्री त्यांनी पुस्तक कुशीवर वळून वाचलं होतं आणि कुणाला काही सांगितलं नव्हतं.

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, स्टीफन्स डेच्या सकाळी, पन्हळीतून पाण्याची धार लागली. रस्ता काळा दिसत होता. त्या दिवसानंतर काउंट्यांच्या हद्दी पुन्हा बंद होणार होत्या.

"अकरापर्यंत निघू, बाबा," सलील जिन्यातून म्हणाला. "बॅग द्या, डिकीत टाकतो."

पद्माकरांनी बॅग दिली. जिन्याच्या कठड्याशी ते थांबले. खाली ज्ञानदा प्रवासासाठी थालीपिठं बांधत होती. वैदेही तिला हळू आवाजात काही म्हणाली. ज्ञानदाने मान हलवली. "नाही गं. मी नाही विचारणार. एकदा विचारून झालंय."

वैदेहीने पुन्हा काही म्हटलं.

"तूही विचारू नकोस. दोघींनी घेरलं तर ते 'बरं' म्हणतील. त्यांचं 'बरं' मी लहानपणापासून ऐकतेय."

पद्माकर परत खोलीत गेले. टेबलाशी बसून त्यांनी कोटाच्या खिशातलं पत्राचं पॅड काढलं. 'चि. ज्ञानदास, अनेक आशीर्वाद' लिहिलं, आणि या खेपेला हात तिथे थांबू दिला नाही. वाक्यं चांगली झाली नाहीत. ती त्यांनी पुन्हा वाचलीही नाहीत. जुलैत घेतलेलं पाकीट आणि पोस्टाचं तिकीट पॅडमध्येच होतं. ते चिकटवलं, पत्ता घातला. ज्या घरात बसलो आहोत त्याच घराचा पत्ता लिहिताना त्यांना थोडं वेड्यासारखं वाटलं.

सलील अंगणात डिकी बंद करत होता.

"सलील, माझी बॅग काढ."

"काही राहिलंय का आत?"

"मी राहतोय."

सलीलने हात डिकीवरून काढला नाही. "वैदेही बोलली तुमच्याशी."

"माझ्याशी कुणी बोललं नाही. गाडीची काच खाली होती, ते वेगळं."

"मुलगा असून बाप लेकीकडे राहतो म्हणतील, बाबा. मिरजेत काय सांगायचं?"

"सांगायचं काम तिथली तुझी शोभनामावशी करील. तिला आवडतं."

सलील हसला नाही. बुटाच्या टोकाने तो चाकाशी साचलेला बर्फ उकरत राहिला. "आईचं एवढंच तर राहिलंय आपल्याकडे," तो म्हणाला. "तिच्या साड्या ताईने वाटून टाकल्या. घर बंद आहे. हे एवढंच होतं."

याला काय उत्तर द्यायचं ते पद्माकरांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलं की ते गप्प बसत. या वेळी मात्र ते तसेच अडखळत बोलले. "तुझ्या आईला तो नियम जड गेला. गेस्टहाउसमध्ये रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत होती. तरी तिने पाळला, कारण तिच्या आईला शब्द दिला होता. मला त्यात काहीच करावं लागत नव्हतं, म्हणून मी पाळला. तिचं आणि माझं एक नव्हे, सलील."

"मला वाईट वाटणार."

"वाटणारच. फोन करत जा. मी उचलीन, आणि 'बरं आहे' पेक्षा जास्त बोलीन."

सलीलने बॅग काढली. ओल्या फरशीवर ठेवली, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत उचलून आत जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवली. ज्ञानदाने स्वयंपाकघराच्या दारातून बॅगेकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि थालीपिठांचा पुडा त्याच्या हातात दिला. "लोणी वेगळं बांधलंय," ती म्हणाली.

निघताना वैदेही वाकून पाया पडली. "औषधं निळ्या कप्प्यात आहेत. रक्तदाबाची गोळी सकाळीच घ्यायची."

"हो. वैदेही, तुझं ते जिन्यातून बोलणं," ते म्हणाले, "मी वाट बघायचो त्याची."

तिने मास्क नाकावर ओढला आणि गाडीत जाऊन बसली. तन्वीने काच खाली केली. "बाय आजोबा. तुमची रूम मी घेणार. डील?" ते मराठी वाक्य ऐकून सलीलने मागे वळून पाहिलं. गाडी कोपऱ्यावर वळली.

"चहा टाकू?" ज्ञानदाने विचारलं. दुसरं काही विचारलं नाही.

"टाक. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो."

"एवढ्या चिखलात? कशाला?"

"काम आहे."

रस्त्याच्या टोकाला भिंतीत बसवलेली पोस्टाची हिरवी पेटी होती. पेटीवर सुट्यांची पाटी लावली होती. पत्रं उचलायला माणूस येणार होता तो मंगळवारी. म्हणजे बुधवारी, नाहीतर गुरुवारी पाकीट घरात पडणार, आणि ज्ञानदा ते फोडेल तेव्हा आपण समोर खुर्चीत बसलेले असणार. हे आधी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या वेळी फिरायला बाहेर पडावं का, असा विचार त्यांनी करून पाहिला. पण पोस्टमन किती वाजता येतो ते विचारलं, तर ती ओळखेल.

आत लिहिलं होतं ते एवढंच: "तुझं जुलैचं पत्र पोचलं. कारण नसताना राहायला याल का, असं तू विचारलं होतंस. हो. बर्फ वितळला आहे, रस्ता चालू आहे, आणि मी इथे आहे. खोलीतला दिवा वाचताना डोळ्यांवर येतो, तो बदलावा लागेल. तुझे, बाबा."

दिव्याचं वाक्य नको होतं की काय, असं त्यांच्या मनात आलं. पाकीट चिकटवलेलं होतं. त्यांनी ते पेटीत टाकलं.